पाण्यावर तरंगणारे पाणी

महाराष्ट्रातल्या मुस्लिम घरांत लक्षद्वीपचे नाव सहसा दोनच निमित्तांनी निघते. एक म्हणजे मुलांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात, देशातील सर्वाधिक मुस्लिम टक्केवारीचा प्रदेश म्हणून. दुसरे, २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांच्या भेटीचे फोटो घरोघरच्या मोबाइलवर फिरले तेव्हापासून, 'मालदीवला कशाला जाता, आपलेच बघा की' या आग्रहासाठी. या दोन्हींत तिथे राहणारी माणसे कुठे दिसत नाहीत. २०११ च्या जनगणनेत ती सारी मिळून ६४ हजारांच्या आसपास होती. कोकणातल्या एखाद्या लहान तालुक्याएवढी.

आम्ही दोन कुटुंबे, लहानमोठे मिळून सात जण, कोचीहून जहाजाने निघून कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही तीन बेटे पाहून आलो. तिथे जायला परवाना लागतो, पोलिसांचा दाखला लागतो आणि जहाजाचे तिकीट मिळण्याइतका सब्र लागतो. हे सगळे जमले, अल्हम्दुलिल्लाह.

लक्षद्वीपची एकूण जमीन ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरे धरली तर त्यांच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. तीही छत्तीस बेटांत वाटलेली, आणि वस्ती फक्त दहांवर. उलट बेटांभोवती प्रवाळाच्या कड्याने अडवलेले उथळ, हिरवेनिळे, शांत पाणी आहे ४,२०० चौरस किलोमीटर. त्याला तिथे सगळे लगूनच म्हणतात. बेटावर डोंगर नाही, नदी नाही, ओढा नाही. पायाखालची माती म्हणजे मातीच नव्हे, प्रवाळाची झिजलेली वाळू. पोपटमासा आपल्या चोचीसारख्या दातांनी मेलेले प्रवाळ कुरतडतो आणि त्याच्या पोटातून ती वाळू होऊन बाहेर पडते. हे ऐकल्यावर आमच्यातल्या धाकट्याने वाळूत बसायलाच नकार दिला.

ज्या सहलीने आम्ही गेलो तिची रीत अशी की दिवसभर बेटावर राहायचे आणि रात्री झोपायला जहाजावर परतायचे. जहाज प्रवाळकड्याच्या बाहेर उभे राहते, लहान होड्या येऊन माणसे नेतात-आणतात. मुलांना अर्थातच बेटावर मुक्काम हवा होता. पण या रीतीत एक शहाणपण आहे, आणि ते कळायला कवरत्तीच्या विहिरी पाहाव्या लागतात.

कवरत्ती ही राजधानी. चार-सव्वाचार चौरस किलोमीटर जागेत अकरा हजारांहून जास्त माणसे, आणि जिकडे पाहावे तिकडे मशिदी. त्यांतली उज्रा मस्जिद सगळ्यात प्रसिद्ध. तिच्या छतावरचे लाकडी कोरीवकाम पाहताना मान अवघडून जाते. हे लाकूड समुद्रातून वाहत आलेल्या ओंडक्यांचे होते असे लोक सांगतात. मशिदीजवळच्या विहिरीच्या पाण्याने आजार बरे होतात अशीही श्रद्धा आहे. आम्ही तिथे वुजू केला. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि तोंडात आलेले पाणी गोड! आमच्यातल्या एकीचे माहेर खारेपाटातले आहे. भरतीचे पाणी बांध फोडून विहिरीत शिरले की वर्षभर काय हाल होतात हे तिने लहानपणी पाहिलेले. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या या वाळूच्या पट्टीत गोडे पाणी येते कुठून, हा प्रश्न तिनेच विचारला.

उत्तर असे. पावसाचे पाणी वाळूतून खाली झिरपते. खाली समुद्राचे खारे पाणी आधीच मुरलेले असते. गोडे पाणी हलके, खारे जड. म्हणून गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत राहते. मध्यभागी जाड आणि कडेला पातळ असा हा थर असतो, चष्म्याच्या भिंगासारखा. सारे बेट या भिंगावर जगते. पूर्वी बादलीने पाणी शेंदले जाई, तेव्हा विहीर हळूहळू भरून निघे. विजेचा पंप लावला आणि एकदम पाणी ओढले, की खालचे खारे पाणी वर सरकते आणि एकदा मचूळ झालेली विहीर सहजी गोडी होत नाही. दुसरा धोका सांडपाण्याचा. वाळू काहीच अडवून धरत नाही. शौचालयाचा खड्डा आणि विहीर दोन्ही एकाच अंगणात असली, तर एकाचे पाणी दुसऱ्यात जायला फार वेळ लागत नाही. आता हिशेब करा. शहरातला पाहुणा दिवसातून दोनदा शॉवर घेतो, रोज धुतलेली चादर मागतो, आणि पोहण्याचा तलाव असेल तर तोही गोड्या पाण्याचा मागतो. तो पाहुणा रात्री जहाजावर झोपला तर हा बोजा भिंगावर पडत नाही.

सरकारने या प्रश्नावर केलेले एक काम मात्र मनापासून दाद देण्यासारखे आहे. २००५ मध्ये कवरत्तीला राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना उभा केला. वरचे कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ होते आणि साडेतीनशे मीटरच्या आसपास खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ पुन्हा पाणी होते. रोज एक लाख लिटर. मिनिकॉय आणि अगत्तीलाही २०११ मध्ये असे कारखाने झाले. विहिरींना केवढा आराम मिळाला असेल! पण त्याला वीज लागते, आणि बेटांवरची वीज आजवर मुख्यतः डिझेलच्या जनित्रांवर चालत आली आहे. ते डिझेल पिंपांत भरून समुद्रातून आणायचे. सौर पॅनेल बसताहेत, पण पॅनेलला जागा लागते, आणि जागा तर मुळातच नाही. बेटावर एक गाठ सोडवली की तिच्या दोऱ्याचे दुसरे टोक कुठेतरी आवळते.

बांधकामाचेही तसेच. पूर्वीची घरे प्रवाळाच्या दगडाची आणि चुन्याची. प्रवाळ काढायला आता बंदी आहे आणि ती योग्यच आहे, कारण तो कडाच लाटा अडवतो. पण मग खडी, सिमेंट, विटा साऱ्या मुख्य भूमीवरून होड्यांनी येतात आणि साध्या माणसाचे घर महागते. किनाऱ्यावर जागोजागी काँक्रीटचे चौपायी ठोकळे रचलेले आहेत, वाळू वाहून जाऊ नये म्हणून. कल्पेनीला पूर्व किनाऱ्यावर प्रवाळाच्या तुकड्यांचा एक लांबच लांब बांध दिसतो. तो माणसाने घातलेला नाही. १८४७ च्या मोठ्या वादळाने समुद्रातून उचलून तो तिथे आणून टाकला. त्या वादळाने कल्पेनी आणि आंद्रोत ही बेटे उद्ध्वस्त केली होती.

बेट नाहीसे होणे ही इथे कल्पना नाही. बंगारमच्या समूहात पराली-१ नावाचे निर्मनुष्य बेट होते, १९६८ मध्ये सुमारे आठ एकरांचे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते संपूर्ण पाण्याखाली गेल्याचे दिसले. म्हणजे छत्तीस म्हणायचे आणि पस्तीस मोजायची. प्रवाळकडा जिवंत असेल तर तो वाढतो, वाळू देतो, लाटा अडवतो. समुद्र फार तापला की प्रवाळ आपल्या अंगातले शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. उष्मा टिकला तर मरतो. असे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये घडले आणि २०२४ मध्ये पुन्हा. संशोधकांच्या पाहणीनुसार गेल्या पंचवीसेक वर्षांत जिवंत प्रवाळाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले आहे. हा समुद्र बेटवाल्यांनी तापवलेला नाही.

मिनिकॉय हे सगळ्यात दक्षिणेचे, मालदीवच्या शेजारचे बेट. इथली भाषा महल, बाकी बेटांची मल्याळमला जवळची. १८८५ चा दीपस्तंभ इथे अजून उभा आहे. गावागावांचा कारभार पाहणारा पुरुष प्रमुख असतो आणि स्त्रियांची वेगळी प्रमुख. सफाई, मेजवानी, होड्या ओढणे, सारे गाव मिळून. बायका मोकळेपणाने बोलत होत्या आणि आमच्या बायकांना घरात नेऊन चुलीपर्यंत पोहोचवत होत्या. एकूण लक्षद्वीपमध्येच वंश आणि घर आईच्या बाजूने चालते. तरवाडाची सामायिक मालमत्ता ती 'शुक्रवारची', स्वतः कमावलेली ती 'सोमवारची'. शुक्रवारची आईकडून मुलींकडे जाते, सोमवारची शरियतप्रमाणे वाटली जाते. शेकडो वर्षे नमाजी, दीनदार असलेल्या या समाजाने ही व्यवस्था कशी सांभाळली, यावर एक स्वतंत्र लेख व्हावा. इथे एवढेच की जमीन कुणा एकाची नसते, त्यामुळे ती विकण्याचा विचारही सहज होत नाही. शिवाय बेटाबाहेरच्या माणसाला तिथे जमीन घेता येत नाही.

मिनिकॉयची खरी दौलत टूना, म्हणजे आपल्या कोकणातला कुपा. तो पकडायची त्यांची रीत जगात नावाजलेली आहे. पहाटे लगूनमध्ये बारीक जिवंत मासळी जाळ्याने पकडतात आणि होडीतल्या पाण्याच्या हौदात ठेवतात. मग खुल्या समुद्रात कुप्याचा थवा दिसला की ती मासळी पाण्यात फेकतात, होडीतून पाण्याचे फवारे मारतात, आणि मागच्या बाजूला ओळीने उभे राहिलेले लोक बांबूच्या काठ्यांना लावलेल्या गळाने एकेक मासा उचलून मागे टाकतात. गळाला उलटा काटा नसतो, म्हणून मासा आपोआप सुटतो आणि काठी लगेच पुन्हा पाण्यात. जाळे नाही, म्हणून कासव, डॉल्फिन, पिल्ले अडकत नाहीत. जेवढे हात तेवढेच मासे. घरी आणलेला कुपा खाऱ्या पाण्यात उकडून, नारळाच्या सोडणांच्या धुरावर धरून, उन्हात लाकडासारखा वाळवतात. त्याला 'मास' म्हणतात. महल भाषेत मास म्हणजे मासाच. आपल्या मराठी शब्दाचा हा चुलतभाऊ इतक्या दूर भेटला याचे आम्हाला फार कौतुक वाटले. नारळ आणि कांद्यात परतलेला मासचा चुरा भाताबरोबर खाल्ला, आणि येताना एक पिशवी बांधूनही आणली. जहाजाच्या केबिनला दोन दिवस त्याचा वास होता.

ही मासेमारी पूर्वी मुख्यतः मिनिकॉयची. १९६० च्या दशकापासून मत्स्य खात्याने यांत्रिक होड्या दिल्या आणि मिनिकॉयची ही विद्या इतर बेटांवर शिकवली. विकास कसा असावा याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही. बेटावरच असलेले कसब घेतले, त्याला इंजिन जोडले आणि लोकांच्या हातात पैसा आला. शिवाय लोकांचे लक्ष खोल समुद्रातल्या कुप्याकडे गेल्यामुळे प्रवाळातल्या मासळीवरचा ताण कमी राहिला. अनेक देशांत गरिबीने प्रवाळकडे ओरबाडले गेले. इथे ते बरेच दिवस वाचले. अलीकडे मात्र पर्यटकांच्या ताटासाठी आणि बाहेरच्या बाजारासाठी प्रवाळातल्या मासळीला मागणी वाढू लागली आहे.

हे झाले विकासाचे. संवर्धनाची दुसरी बाजू आम्हाला परतीच्या जहाजावर कळली. अगत्तीला आम्ही गेलो नाही, पण तिथले एक निवृत्त मास्तर बायकोला डॉक्टरांकडे दाखवायला कोचीला निघाले होते. चहा पिता पिता त्यांनी अगत्तीच्या कासवांची गोष्ट सांगितली. पूर्वी बेटावरचे लोक कासवे मारत, त्यांचे तेल होड्यांच्या लाकडाला लावत. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि कासवाला हात लावणे गुन्हा झाला. पुढे अगत्तीच्या लगूनमध्ये हिरवी कासवे इतकी वाढली की त्यांनी तळाचे समुद्रगवत खाऊन फस्त केले. गवतात वाढणारी मासळी गेली. कोळी म्हणू लागले, कासवे आमचे अन्न खाताहेत. शास्त्रज्ञांनी पाहणी केली आणि कोळ्यांचे म्हणणे बव्हंशी खरे निघाले. गवत संपल्यावर कासवे दुसऱ्या बेटाच्या लगूनकडे वळली.

"मग आता कासवे मारू द्यावीत असे तुमचे म्हणणे आहे?" आमच्यातल्या एकाने विचारले.

"नाही हो," मास्तर म्हणाले. "कासवही अल्लाहचीच मखलूक. पण कायदा करताना कुणी विचारले नाही आणि गवत गेल्यावरही कुणी विचारले नाही. हॉटेल बांधायला येतात तेही विचारत नाहीत, जनावर वाचवायला येतात तेही नाही."

आम्हाला या वादाचे मर्म इथेच आहे असे वाटते. आपल्याकडे विकास विरुद्ध निसर्ग अशी कुस्ती लावून दिली जाते आणि बेटवाल्यांना निसर्गाच्या बाजूला उभे करून टाळ्या वाजवल्या जातात. ते त्या बाजूला उभे नाहीतच. त्यांना मोठे रुग्णालय हवे आहे. अवघड बाळंतपणासाठी हेलिकॉप्टरची वाट पाहणे कुणाला आवडेल? त्यांना जास्त जहाजे हवी आहेत. २०२४ च्या जानेवारीत कोचीहून समुद्रतळातून ऑप्टिकल फायबर आली, तिचे त्यांना मनापासून अप्रूप आहे. तोवर सारे इंटरनेट उपग्रहावर रडतखडत चाले. मास्तरांचा मुलगा आता घरबसल्या परीक्षेची तयारी करतो. आणि संवर्धनही त्यांना परके नाही. २०२० मध्ये समुद्री काकडी, प्रवाळ आणि समुद्रपक्षी यांच्यासाठी तीन राखीव क्षेत्रे जाहीर झाली, तीही बेटांवरच्याच माणसांच्या नावांनी. पक्ष्यांचे क्षेत्र पी. एम. सईद यांच्या नावाचे, जे इथून सलग दहा वेळा लोकसभेत गेले.

विरोध झाला तो २०२१ मध्ये. विकास प्राधिकरणाच्या नियमांचा मसुदा आला. त्यात नियोजनासाठी कुणाचीही जमीन घेण्याचे व्यापक अधिकार होते. त्याच सुमारास गोवंशहत्याबंदीचा मसुदा आला आणि वस्तीच्या बेटांवर पर्यटकांसाठी दारूची परवानगी देण्याची चर्चा सुरू झाली. आजवर ती फक्त निर्मनुष्य बंगारमवर होती. ७ जून २०२१ रोजी लोकांनी आपापल्या घरात बारा तासांचे उपोषण केले. काहींनी पाण्याखाली जाऊन फलक धरले. दगड कुणीही मारला नाही.

पाण्यावर खांब रोवून बांधायचे बंगले, मालदीवच्या धर्तीवर, हाही प्रस्ताव काही वर्षांपासून आहे, मिनिकॉय, कडमत आणि सुहेलीसाठी. आम्ही मिनिकॉयच्या लगूनकडे पाहत उभे होतो तेव्हा याच पाण्यातून पहाटे आमिषाची मासळी निघते हे लक्षात होते. मालदीवचे उदाहरण दिले जाते, पण तिथे बहुतेक रिसॉर्ट स्वतंत्र निर्मनुष्य बेटावर असतात, आणि त्यांच्याकडे बेटे हजाराहून जास्त आहेत. इथे छत्तीस आहेत, म्हणजे पस्तीस.

गंमत अशी की काय करावे हे आधीच लिहून ठेवलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली होती. कोणत्या बेटाला किती बोजा पेलेल हे पाहून एकात्मिक व्यवस्थापन आराखडा करावा आणि कामे निवडून आलेल्या स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून व्हावीत, असे तिचे म्हणणे. यात कुणाचेही नुकसान नाही. फक्त सल्ला घ्यायला समोर कुणी असावे लागते. डिसेंबर २०१७ मध्ये निवडून आलेल्या पंचायतींची मुदत संपली तेव्हा लगेच नव्या निवडणुका झाल्याच नाहीत.

आम्ही परतल्यानंतर, जुलै २०२५ मध्ये, बित्रा बेटाची बातमी वाचली. वस्तीच्या बेटांतले हे सगळ्यात लहान, एका मोठ्या मैदानाएवढे. २०११ मध्ये लोकसंख्या २७१. संरक्षणाच्या गरजेसाठी ते बेट संपादन करायचे म्हणून सामाजिक परिणामांचा अभ्यास करण्याची अधिसूचना निघाली होती. देशाच्या सीमेची गरज असेल, ती कुणी नाकारत नाही. बातमी वाचून आम्ही मास्तरांना फोन लावला. त्यांची भाची बित्रात दिली आहे. पत्नीची तब्येत आता बरी आहे म्हणाले. बित्राबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, तिथली माणसे जुम्यानंतर मशिदीतच बसून कागद वाचताहेत, इंग्रजी कळणारी दोन मुले मोठ्याने अर्थ सांगताहेत, आणि भाचीने विचारले आहे की आपली विहीर कुणाच्या नावावर लिहायची.